बिनतारी मायक्रोफोन यंत्रणेतील विद्युतपुरवठ्याचे दोष : कारणमीमांसा व दोषशोधनाची पद्धती

प्रस्तावना :

स्नेहसंमेलन, पारितोषिक वितरण, चर्चासत्र, व्याख्यानमाला यांपैकी महाविद्यालयातील कोणताही कार्यक्रम आज ध्वनिवर्धक यंत्रणेशिवाय पार पडत नाही. या यंत्रणेत तारेच्या मायक्रोफोनची जागा आता बऱ्याच ठिकाणी बिनतारी मायक्रोफोनने, म्हणजेच व्यवहारात ज्यास 'कॉर्डलेस माईक' म्हटले जाते त्या साधनाने, घेतली आहे. मात्र वक्त्याचे भाषण रंगात आलेले असताना आवाज तुटणे, खरखर येणे किंवा सभागृहात सतत 'घूं' असा गुंजारव ऐकू येणे, हा अनुभवही तितकाच सार्वत्रिक आहे. अशा वेळी 'सिग्नल मिळत नाही' किंवा 'सेट गेला' असा निष्कर्ष घाईने काढला जातो, संच कपाटात ठेवला जातो, पुढे डेडस्टॉक रजिस्टरमधून त्याचे निर्लेखन होते आणि नव्या खरेदीचा प्रस्ताव तयार होतो. वस्तुतः अनेकदा दोष रेडिओ लहरींत नसून विद्युतपुरवठ्यात असतो आणि तो अल्प खर्चात दूर होण्यासारखा असतो.

हा प्रश्न केवळ आर्थिक नाही. श्रवणदोष असलेल्या विद्यार्थ्याच्या श्रवणयंत्राशी शिक्षकाजवळचा बिनतारी मायक्रोफोन जोडलेला असेल, तर ट्रान्समीटरमधील सेल संपताच त्या विद्यार्थ्यापुरता वर्ग संपतो. इतरांना शिक्षकाचा आवाज ऐकू येत असल्याने ही गोष्ट कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणूनच या विषयाची किमान शास्त्रीय माहिती प्रत्येक प्राध्यापकास असणे आवश्यक आहे.

उद्दिष्टे :

१. बिनतारी मायक्रोफोन यंत्रणेतील विद्युतपुरवठ्याची रचना समजून घेणे.
२. सेल, संपर्कपट्ट्या व अॅडॅप्टर यांतील दोषांची कारणे स्पष्ट करणे.
३. उपलब्ध साध्या साधनांनी दोषशोधन करण्याचा क्रम सुचविणे.
४. दोषशोधन करताना घ्यावयाची सुरक्षिततेची काळजी विशद करणे.

१. पुरवठ्याची रचना व दोषाची बाजू :

या यंत्रणेचे दोन भाग असतात. वक्त्याच्या हातात किंवा कमरेला असतो तो ट्रान्समीटर आणि व्यासपीठाजवळ ठेवलेला असतो तो रिसीव्हर. ट्रान्समीटर सेलवर चालतो, तर रिसीव्हर बहुधा १२ व्होल्टच्या अॅडॅप्टरवर चालतो. दोन्ही पुरवठे परस्परांपासून पूर्णतः स्वतंत्र असल्याने 'दोष कोणत्या बाजूस आहे?' हाच पहिला प्रश्न असला पाहिजे.

याचे उत्तर रिसीव्हरवरील दिवेच देतात. रिसीव्हरवर एकही दिवा लागत नसेल तर दोष अॅडॅप्टर, त्याची पिन किंवा प्लगपॉइंट यांत शोधावा. रिसीव्हर सुरू आहे, परंतु ट्रान्समीटर चालू करूनही रेडिओ संकेताचा दिवा लागत नाही, असे असल्यास सेल व संपर्कपट्ट्या तपासाव्यात आणि दोन्ही भागांची वारंवारता एकच आहे ना, हे पाहावे. संकेताचा दिवा स्थिर आहे, बोलताना ध्वनीचा दिवाही लुकलुकतो, तरीही स्पीकरमधून आवाज येत नाही, अशा वेळी दोष पुढील केबल अथवा मिक्सरमध्ये असतो. ट्रान्समीटर बंद केल्यावरही गुंजारव कायम राहत असेल, तर त्याचा सेलशी संबंध नाही, हे निश्चित समजावे.

२. सेल आणि भाराखालील व्होल्टेज :

नव्या अल्कलाइन सेलचे व्होल्टेज सुमारे १.५ ते १.६ व्होल्ट असते. पुनर्भारित होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलचे अंकित व्होल्टेज १.२ व्होल्ट असते. सेल बाहेर काढून मल्टिमीटरने व्होल्टेज मोजणे ही सर्वत्र रूढ असलेली पद्धत होय. परंतु ती फसवी आहे. मल्टिमीटर सेलमधून जवळजवळ विद्युतधारा घेतच नाही. त्यामुळे सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असला तरी त्या मापनात तो दिसत नाही. म्हणून सेलच्या दोन टोकांस १० ओहमचा रोध जोडून, म्हणजेच सुमारे १५० मिलिअँपिअरचा भार देऊन, व्होल्टेज मोजावे. मोकळ्या स्थितीत १.४५ व्होल्ट दाखविणारा अल्कलाइन सेल या भाराखाली १.१ व्होल्टपर्यंत खाली येत असेल, तर तो कार्यक्रमासाठी वापरू नये.

दोन सेलवर चालणाऱ्या अनेक ट्रान्समीटरमध्ये व्होल्टेज वाढवून स्थिर ठेवणारे परिपथ असते. या परिपथास ठरावीक शक्ती लागते. समजा, ३ व्होल्टला ते १०० मिलिअँपिअर धारा घेते, म्हणजे ०.३ वॅट शक्ती वापरते. सेलचे एकत्रित व्होल्टेज २ व्होल्टपर्यंत उतरले, तर तीच शक्ती मिळविण्यासाठी १५० मिलिअँपिअर धारा घ्यावी लागते. म्हणजे सेल जितका दुबळा होतो, तितका त्याच्यावरील भार वाढत जातो. यामुळेच तासभर उत्तम चाललेला माईक अखेरीस अचानक बंद पडतो. बंद करून थोड्या वेळाने सुरू केल्यास तो पुन्हा काही मिनिटे चालतो, कारण विश्रांतीत सेलचे व्होल्टेज अंशतः सावरते. हे लक्षण दिसल्यास संचाला दोष न देता सेल बदलावेत.

पुनर्भारित सेलच्या बाबतीत आणखी एक मुद्दा लक्षात घेतला पाहिजे. त्याचे व्होल्टेज दीर्घकाळ १.२ च्या आसपास स्थिर राहते व शेवटी झपाट्याने कोसळते. अल्कलाइन सेल गृहीत धरून केलेला दर्शक अशा वेळी सुरुवातीस चुकीचा इशारा देतो किंवा खरा इशारा फार उशिरा देतो. तसेच जुन्या पद्धतीचे हे सेल वापराविनाही भार गमावतात. सान्यो कंपनीने २००५ मध्ये 'एनेलूप' हे कमी स्वयंविसर्जन असलेले सेल बाजारात आणले व पुढे इतर उत्पादकांनीही तसे सेल तयार केले. महिनोन्महिने कपाटात राहणाऱ्या महाविद्यालयीन संचासाठी हाच प्रकार योग्य ठरतो.

९ व्होल्टच्या पुनर्भारित बॅटरीत १.२ व्होल्टचे सहा किंवा सात घटक असतात. त्यामुळे तिचे अंकित व्होल्टेज ७.२ किंवा ८.४ असते. ७.२ व्होल्टची बॅटरी बसविल्यावर जुना ट्रान्समीटर आरंभापासूनच 'बॅटरी कमी' असे दर्शवीत असेल, तर तो बिघाड नव्हे.

३. संपर्कपट्ट्यांतील दोष :

माईक हलविताच खरखर होत असेल, तर प्रथम सेलच्या कप्प्यातील स्प्रिंग व पट्ट्या पाहाव्यात. संपर्कस्थानी अवघा १ ओहम रोध निर्माण झाला तरी १५० मिलिअँपिअर धारेस ०.१५ व्होल्ट वाया जातात. दोन सेलच्या संचास हा तोटा लहान नाही. विसरून राहिलेल्या अल्कलाइन सेलमधून पोटॅशिअम हायड्रॉक्साइड पाझरते व हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन पांढरा थर जमतो. हा थर अल्कधर्मी असल्याने कापसाच्या बोळ्यावर किंचित व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसावा आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करावे. पट्टीवरील मुलामा निघून जाईल इतके पॉलिशपेपरने घासणे टाळावे. कार्यक्रम संपताच सेल काढून ठेवणे हाच सर्वांत स्वस्त उपाय होय.

४. अॅडॅप्टरमधील दोष :

अॅडॅप्टर दोन प्रकारचे असतात. जुन्या वजनदार अॅडॅप्टरमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, तर नव्या हलक्या अॅडॅप्टरमध्ये स्विचिंग पद्धतीचे परिपथ असते. स्थिरीकरण नसलेला १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर अॅडॅप्टर भाराविना १५ ते १७ व्होल्ट दाखवू शकतो; तो दोष नव्हे. याउलट भाराविना बरोबर १२ व्होल्ट दाखविणारा स्विचिंग अॅडॅप्टर भार जोडताच कोसळत असेल, तर तो निश्चित सदोष आहे. यासाठी ४७ ओहम, ५ वॅटचा रोध पुरेसा आहे. १२ व्होल्टला त्यातून सुमारे २५५ मिलिअँपिअर धारा वाहते. अर्थात अॅडॅप्टरची क्षमता त्याहून अधिक असावी.

अशा बिघाडांत बहुतेक वेळा मूळ कारण इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असते. त्यातील द्रव उष्णतेमुळे हळूहळू नाहीसा होतो. तापमानात दर १० अंश सेल्सिअस वाढीस त्याचे आयुष्य साधारणतः निम्मे होते, असा ठोकताळा आहे. बंद कपाटात किंवा अॅम्प्लिफायरवर ठेवलेल्या संचाचे कपॅसिटर म्हणूनच लवकर निकामी होतात. आपला मुख्य पुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने पूर्णतरंग दिष्टकरणानंतर दर १० मिलिसेकंदांनी कपॅसिटर भरतो. २०० मिलिअँपिअर भार व १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर दोन भरणांदरम्यान व्होल्टेज सुमारे २ व्होल्टने उतरते. कपॅसिटरची क्षमता घटून ५०० मायक्रोफॅरड झाली की हीच घट ४ व्होल्टच्या घरात जाते. ७८ मालिकेतील प्रचलित स्थिरक आयसीला बाहेर द्यावयाच्या व्होल्टेजपेक्षा सुमारे २ व्होल्ट अधिक मिळावे लागतात. ते न मिळाल्यास १०० हर्ट्झचा लहरीपणा थेट ध्वनिपरिपथात शिरतो आणि 'घूं' ऐकू येते.

पर्यायी अॅडॅप्टर घेताना चार बाबी जुळवाव्यात : प्रत्यावर्ती की दिष्ट पुरवठा, व्होल्टेज, धारेची क्षमता आणि पिनची ध्रुवता. अॅडॅप्टरवरील नागमोडी चिन्ह प्रत्यावर्ती, तर सरळ रेषेचे चिन्ह दिष्ट पुरवठा दर्शविते. क्षमता अधिक असलेली चालते. ध्रुवता उलट असलेली मात्र चालत नाही.

५. गुंजारवाचे मूळ कसे ओळखावे? :

गुंजारव अॅडॅप्टरमुळे आहे की अर्थिंगच्या दोषामुळे, हे ठरविण्यासाठी रिसीव्हर काही वेळ १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून पाहावा. संगणकाच्या यूपीएसमधील बॅटरी यासाठी उपयोगी पडते. तिच्या तारेत १ अँपिअरचा फ्यूज मात्र अवश्य घालावा. बॅटरीवर गुंजारव थांबला, तर दोष अॅडॅप्टरच्या बाजूचा. कायम राहिला, तर तो केबल किंवा अर्थिंगचा. गुंजारव घालविण्यासाठी अॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंग पिन काढून टाकणे हा प्राणघातक उपाय आहे. त्याऐवजी ध्वनिमार्गात विलगीकरण ट्रान्सफॉर्मर वापरावा.

६. अंतर्गत बॅटरी असलेले संच :

अलीकडील लहान संचांत ३.७ व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी असते व ती ५ व्होल्टच्या यूएसबी पुरवठ्यावर भरते. काही स्वस्त संच जुन्या पद्धतीच्या केबलने भारित होतात, परंतु दोन्ही टोकांस सी-प्रकारची पिन असलेल्या केबलने होत नाहीत. संचातील ओळखीचे ५.१ किलोओहमचे रोध वगळलेले असल्याने चार्जर पुरवठाच सुरू करीत नाही. येथे बॅटरी बदलण्याचे कारण नाही, केबल बदलावी. मात्र बॅटरी फुगलेली दिसल्यास संच तत्काळ वापरातून काढावा. निकामी बॅटऱ्या कचऱ्यात न टाकता २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार संकलनासाठी द्याव्यात.

७. सुरक्षितता :

२३० व्होल्टच्या पुरवठ्याचे शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते. स्विचिंग अॅडॅप्टरमधील मुख्य कपॅसिटर तितक्या व्होल्टेजने भारित होतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ भारित राहू शकतो. म्हणून अॅडॅप्टर उघडण्याचे काम जाणकारानेच करावे. प्राध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी कमी व्होल्टेजच्या बाजूचे मापन करावे. मांडवातील किंवा जनरेटरवरील पुरवठा संच जोडण्यापूर्वी मोजून घ्यावा. त्रिकला जोडणीत न्यूट्रल सैल झाल्यास एखाद्या फेजवरील व्होल्टेज २३० वरून ४०० च्या दिशेने चढू शकते व एकाच वेळी अनेक अॅडॅप्टर जळतात.

निष्कर्ष :

१. बिनतारी मायक्रोफोनचे ट्रान्समीटर व रिसीव्हर यांचे पुरवठे स्वतंत्र असल्याने प्रथम दोषाची बाजू निश्चित करावी.
२. सेल व अॅडॅप्टर यांचे व्होल्टेज भाराखाली मोजल्याशिवाय त्यांविषयी निर्णय घेऊ नये.
३. सेल, संपर्कपट्ट्या, पिन, अॅडॅप्टर व केबल या क्रमाने तपासणी झाल्याखेरीज संचाच्या निर्लेखनाचा प्रस्ताव मांडू नये. प्रस्तावासोबत मोजमापांची नोंद जोडण्याची पद्धत महाविद्यालयांनी सुरू करावी.
४. एक मल्टिमीटर व दोन रोध एवढ्या साहित्यावर हे दोषशोधन होऊ शकते. पदार्थविज्ञान व इलेक्ट्रॉनिक्स विभागांनी ते विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांत समाविष्ट केल्यास अंतर्गत रोध, कपॅसिटरचे भारण व दिष्टकरण या संकल्पना त्यांना प्रत्यक्ष अनुभवता येतील आणि सभागृहातील यंत्रणाही सुस्थितीत राहील.