विस्टेरियाचा दिवा

‘न्यूयॉर्क हिस्टॉरिकल’ या संग्रहालयात टिफनीच्या कारखान्यातील शंभर दिवे एका दालनात मांडलेले आहेत. मालक लुई कम्फर्ट टिफनी याच्या पराक्रमाची हकीकत कोणत्याही कलाकोशात सापडते. मला खिळवून ठेवतो तो विस्टेरियाचा दिवा, ज्याच्या छत्रावरून निळ्या-जांभळ्या फुलांचे घोस बहाव्याच्या झुंबरांसारखे खाली ओघळतात. सुमारे २,००० तुकड्यांच्या त्या छत्रावर रंगाचा कुंचला कोठेही फिरलेला नाही. जी छटा दिसते ती मुळात काचेच्याच अंगची आहे.

म्हणूनच या कलेचे मर्म निवडीत आहे. प्रत्येक पाकळीचा पितळी फर्मा हाती घेऊन, खिडकीच्या उजेडात धरलेल्या काचेवर तो पुढेमागे सरकवीत, जेथे काचेतील फिकट रेघ नेमकी पाकळीच्या कडेला येईल आणि गडद ढग तिच्या देठापाशी स्थिरावेल तेवढाच भाग कापून घ्यावयाचा, त्याच्या कडांना तांब्याची पातळ पट्टी गुंडाळावयाची, आणि मग तो तुकडा पुरुषांच्या खात्यात झाळण्यासाठी रवाना करावयाचा, असा हा क्रम होता. एकाच आराखड्याचे दोन दिवेही त्यामुळे हुबेहूब सारखे उतरत नसत.

ही निवड करणाऱ्या स्त्रिया होत्या. त्यांच्या खात्याची प्रमुख क्लारा ड्रिस्कॉल हिनेच विस्टेरियाचा आराखडा काढला, हे तिने आई-बहिणींना लिहिलेली पत्रे उजेडात आल्यावर, २००७ मधील एका प्रदर्शनाने जगापुढे आले. तोवर सारे श्रेय मालकाच्या खाती जमा होते, आणि हा अन्याय मला फार बोचतो.

अन्याय एवढ्यावर थांबत नाही. स्त्रियांचे हे खाते निघाले १८९२ मध्ये, तेही पुरुष कारागीर संपावर गेले असताना. १९०३ मध्ये त्याच कारागिरांच्या संघाने स्त्रियांच्या कामास हरकत घेतली, आणि जी तडजोड झाली तिच्यात खाते बचावले, परंतु तेथील स्त्रियांची संख्या २७ च्या पुढे नेण्यास मज्जाव झाला. त्यातच लग्न झालेल्या स्त्रीला नोकरीवर ठेवीत नसत. क्लाराही पहिल्या विवाहापायी नोकरी सोडून गेली, वैधव्य आल्यावर परतली, आणि १९०९ मध्ये तिने पुन्हा संसार मांडला तेव्हा टिफनीकडील तिची चाकरी कायमची संपली.