तपासणारे हात

दिवाळीच्या सुटीत आमच्या घरी दोन गोष्टी हमखास असतात: चकलीचा वास आणि चाचणी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला होता. तो संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतो. गठ्ठ्यांकडे पाहून तो हसला आणि म्हणाला, "सर, रात्री जेवण झालं की मीही हेच करतो. फक्त त्याचे पैसे मिळत नाहीत!"

"अरे, मग करतोस कशाला?" मी विचारले. त्यावर त्याने जे सांगितले, ते वाचकांनाही ऐकवावेसे वाटते.

संगणक चालवणारी मूळ प्रणाली विकतच घ्यावी लागते, असा आपला समज असतो. पण स्वयंसेवकांनी मिळून केलेल्या, कोणीही घ्याव्यात, उघडून पाहाव्यात, बदलाव्यात, अशा प्रणालीही आहेत. 'डेबियन' ही त्यांपैकी एक. इयान मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने ती १९९३ साली सुरू केली आणि आपल्या नावाला डेब्रा या मैत्रिणीचे नाव जोडून तिचे बारसे केले. २००४ साली तिच्याच पायावर 'उबुंटू' उभी राहिली. दर सहा महिन्यांनी उबुंटूची नवी आवृत्ती निघते, आणि तिच्यातला बराचसा माल डेबियनच्या कोठारातून येतो.

या कोठारात प्रत्येक प्रोग्राम 'पॅकेज' करून ठेवतात. आत काय आहे, कोणी लिहिले, परवाना कोणता, सोबत आणखी कशाची गरज आहे, हे सारे त्यावर नोंदवायचे. जून २०२३ मध्ये निघालेल्या डेबियनच्या बाराव्या आवृत्तीत अशी ६४ हजारांहून अधिक पॅकेजे होती; पूर्ण अधिकार असलेले सभासद मात्र सुमारे हजारच. नवख्याला आपले पॅकेज थेट कोठारात ठेवता येत नाही. एखाद्या सभासदाने ते तपासून आपल्या सहीने आत पाठवावे लागते. त्याला 'स्पॉन्सर' म्हणतात. शिवाय पॅकेज अगदी नवे असेल, तर पुढच्या दारावर परवान्याची तपासणी पुन्हा होते.

माझ्या विद्यार्थ्याचे पहिले पॅकेज परत आले. एक फाइल दुसऱ्याच लेखकाची होती, तिचा परवाना त्याने नोंदवला नव्हता. आणि वर्णनात आत्मस्तुती फार होती! मराठीचा मास्तर म्हणून मला हा दुसरा शेरा विशेष आवडला. चौथ्या खेपेला पॅकेज पास झाले. तपासणारा गृहस्थ युरोपातला. दोघांची आजवर भेट नाही. पण प्रत्येक खेपेला त्याने चूक कुठे आहे एवढेच न सांगता ती का चूक आहे हेही सांगितले. आता माझा विद्यार्थी इतर नवख्यांची पॅकेजे पाहतो. सही करण्याचा अधिकार त्याला अजून नाही. पण दोष दाखवायला अधिकार लागत नाही.

आता खरी अडचण. उबुंटूने सुरुवातीच्या वर्षांत नवख्यांसाठी आपले वेगळे दार ठेवले होते. तेथे 'मोटू' नावाच्या मंडळींपैकी दोघांची संमती लागे. (ही इंग्रजी आद्याक्षरे, आपल्याला वाटतो तो अर्थ नव्हे.) त्यामुळे एकच प्रोग्राम इकडे एकाने बांधावा, तिकडे दुसऱ्याने, इकडच्या चुका इकडे दुरुस्त व्हाव्यात आणि तिकडे तशाच राहाव्यात, असे होऊ शके. शिकवणारे मुळात थोडे, ते दोन वर्गांत विभागलेले. पुढे उबुंटूने नवागतांना सल्ला दिला, की नवे पॅकेज आधी डेबियनमध्ये न्या. तेथून ते आपोआप आमच्याकडे येईल.

"म्हणजे थोरल्या जाऊबाईंनी रांधायचं आणि धाकटीनं नुसतं वाढायचं?" आमच्या सौभाग्यवतींनी आतून विचारले.

"नाही काकू," तो म्हणाला, "धाकटीनंही थोरलीच्या स्वयंपाकघरात येऊन हात लावायचा. नाहीतर त्याला वाटून घेणं कसं म्हणायचं?"

मला एक शंका राहिली. तपासणी एकाच ठिकाणी होऊ लागली आणि तिथेच नजरचूक झाली, तर? ती उगाच नव्हती. २००६ साली डेबियनच्या 'ओपनएसएसएल' या पॅकेजातल्या, निरुपयोगी वाटलेल्या दोन ओळी काढल्या गेल्या. संगणकाच्या गुप्त किल्ल्या याच पॅकेजाच्या मदतीने घडतात. त्या ओळी गेल्याने एकेका प्रकारच्या किल्लीचे जेमतेम ३२ हजार नमुने उरले. संगणकाला ते एकेक करून पाहणे अवघड नाही. मे २००८ मध्ये हा दोष उघड झाला, तोवर तो उबुंटूतही उतरला होता. दोन्हीकडच्या लोकांना किल्ल्या नव्याने घडवाव्या लागल्या.

"म्हणूनच म्हणतो, सर," तो म्हणाला, "काम वाटून घेणं म्हणजे दुसऱ्यानं पाहिलं असेल म्हणून आपण न पाहणं नव्हे. डोळे तेवढेच हवेत. फक्त ते एका कागदावर हवेत."

तो गेल्यावर मी गठ्ठा पुढे ओढला. पहिल्याच उत्तरावर सवयीने लाल फुली मारली. मग थांबलो, आणि समासात ती का मारली, ते दोन ओळींत लिहिले. त्या रात्री नेहमीपेक्षा निम्म्याच उत्तरपत्रिका तपासून झाल्या.