नाक कुत्र्याचं, कसोटी माणसाची

बर्च, अ‍ॅनिस आणि लवंग. या तीन तेलांच्या वासावर एक अख्खा खेळ उभा आहे. नाव ‘नोज वर्क’. अमली पदार्थ किंवा स्फोटकं हुडकणाऱ्या श्वानांचं कसब घरातल्या कुत्र्यांनाही अनुभवता यावं म्हणून 2006 मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात काही प्रशिक्षकांनी तो सुरू केला. 2017 पासून अमेरिकन केनेल क्लबही अशा स्पर्धा घेतो. तिथे सायप्रेसचा चौथा वास असतो.

कापसाच्या काडीला तेलाचा किंचित वास लावून ती भोकांच्या डबीत ठेवतात आणि डबी दडवतात. खोक्यांच्या रांगेत, खोलीत, अंगणात किंवा गाडीच्या बाहेरच्या बाजूला. कुठे, ते हँडलरला, म्हणजे कुत्र्यासोबतच्या माणसाला, माहीत नसतं. कुत्र्याला वास सापडला असं वाटलं की हँडलरने ‘अलर्ट’ म्हणायचं. बरोबर की चूक, ते परीक्षक सांगतो.

कुत्र्याला हुंगायला कोण शिकवणार? सुरुवातीला उघड्या खोक्यात खाऊ ठेवून त्याला मोकळं सोडतात. हुकूम नाही, रागावणं नाही. शोधायची गोडी लागली की खाऊसोबत तेलाचा वास जोडला जातो. भित्री आणि म्हातारी कुत्रीही यात रमतात, कारण मैदानात एका वेळी एकच कुत्रा असतो.

खरी शिकवणी दोरीच्या दुसऱ्या टोकाला चालते. वास हवेबरोबर वाहतो, भिंतीला अडतो, कोपऱ्यात साचतो. त्यामुळे डबी टेबलाखाली असली तरी कुत्रा पलीकडच्या कोपऱ्यात रेंगाळू शकतो. झटक्यात वळलेली मान, बदललेला श्वास, पुन्हा मागे फिरणं हे सगळं वाचता यायला हवं. घाई केली तर साचलेल्या वासालाच आपण उगम समजून बसतो. आणि आपण थबकलो, कुत्र्याकडे रोखून पाहिलं, तर तो आपलं मन राखायला तिथेच थांबण्याची शक्यता असते.

हा धोका किती मोठा आहे, ते 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून दिसलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी प्रशिक्षित कुत्रे आणि त्यांचे हँडलर अशा 18 जोड्यांना एका चर्चमध्ये शोध घ्यायला लावला. लाल कागद दिसेल तिथे वास दडवलेला आहे, असं हँडलरना सांगितलं होतं. प्रत्यक्षात तो वास कुठेच नव्हता. तरीही कुत्र्यांनी इशारा दिल्याच्या 225 नोंदी झाल्या! मला हा आकडा कुत्र्यांपेक्षा माणसांबद्दल अधिक बोलतो असं वाटतं.

म्हणून सरावात डबी दुसऱ्या कुणीतरी लपवावी, आणि अधूनमधून काहीच लपवू नये. स्पर्धेच्या वरच्या पातळीवर किती डब्या आहेत, हे सांगत नाहीत. एखादी खोली पूर्ण रिकामीही असते. कुत्रा हुंगत हुंगत फिरतो, कुठेच अडखळत नाही, घड्याळ पुढे सरकत राहतं. ‘इथे काही नाही’ असं तिथे हँडलरला निःशंकपणे सांगावं लागतं.