व्यायामाला संगीताची साथ. पण घामाची हमी कोणाची?

बंगळुरूच्या कब्बन पार्कमध्ये, लालबागेत किंवा सँकी तलावाच्या काठी पहाटे फिरायला येणाऱ्यांच्या कानांत इयरफोन दिसला नाही तरच नवल. माहिती तंत्रज्ञान उद्योगाच्या या शहरात व्यायामाच्या वेळी संगीत ऐकण्याची सवय चांगलीच रुळली आहे. कॅसेटचा वॉकमन गेला, त्यापाठोपाठ सीडी प्लेयर गेला, एमपी-थ्री प्लेयर आणि आयपॉडही मागे पडले. आज बहुतेकांच्या खिशात मोबाइल आणि कानात बिनतारी इयरफोन असतात. साधने बदलली तरी ग्राहकांच्या तक्रारी मात्र फारशा बदललेल्या नाहीत. आवाजाच्या गोडव्याविषयी कुरकुर करणारे थोडेच असतात. व्यायामासाठी म्हणून घेतलेले यंत्र घामाने बंद पडले आणि नेमक्या त्याच कारणाने हमी नाकारण्यात आली, हा अनुभव मात्र अनेकांच्या वाट्याला येतो.

व्यायामाला संगीताची जोड देण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील लिओनार्ड एअर्स यांनी 1911 मध्ये सहा दिवस चालणाऱ्या सायकल शर्यतीची निरीक्षणे प्रसिद्ध केली. बँड वाजत असताना सायकलस्वारांचा वेग वाढत असल्याचे त्यांना आढळले होते. अलीकडच्या काळात लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातील कोस्टास कारागिऑर्गिस यांनी या विषयाचा दीर्घकाळ अभ्यास केला. मध्यम गतीच्या व्यायामात संगीतामुळे श्रमाची जाणीव कमी होते. मात्र दम लागेपर्यंत धावू लागल्यावर हा परिणाम ओसरतो, असे या संशोधनातून दिसून आले आहे. रोज तासभर चालणाऱ्याला संगीताचा जितका उपयोग होतो, तितका वेगाने धावणाऱ्याला होत नाही, असा याचा व्यावहारिक अर्थ.

धावणारे शरीर आणि डगमगणारे यंत्र

सोनी कंपनीचा पहिला वॉकमन 1 जुलै 1979 रोजी जपानमध्ये विक्रीस आला. 1983 मध्ये त्याच कंपनीने पिवळ्या रंगाचा, पाण्याचे शिंतोडे सोसणारा ‘स्पोर्ट्स’ वॉकमन काढला. व्यायाम करणारा ग्राहक हा वेगळा ग्राहक आहे, हे उद्योगाने तेव्हाच ओळखले होते. तरीही कॅसेट फिरवणारी यंत्रणा धावताना हलली की सूर डळमळत असे. सीडी प्लेयरची अडचण त्याहून मोठी होती. चकतीवरील खुणा वाचणारा प्रकाशकिरण धक्क्याने जागेवरून सरकला की गाणे उडी मारत असे. त्यावर उपाय म्हणून पुढचे काही सेकंदांचे संगीत आधीच स्मृतीत साठवून ठेवण्याची सोय करण्यात आली, पण सतत धावणाऱ्यापुढे तीही अपुरी पडे.

ऑक्टोबर 2001 मध्ये आलेल्या पहिल्या आयपॉडमध्ये 5 गिगाबाइटची छोटी हार्ड डिस्क होती. हजार गाणी खिशात मावू लागली, परंतु फिरती चकती आणि तिच्यावरून सरकणारे टोक हे नाजूक भाग कायम राहिले. खरा बदल झाला तो कोणताही हलता भाग नसलेल्या फ्लॅश मेमरीमुळे. क्रिएटिव्ह कंपनीचा ‘म्यूव्हो’ हा त्या पिढीतील एक छोटा प्लेयर. त्यात बाजारात कोठेही मिळणारा एक बारीक सेल घालावा लागे आणि तो संपला की ग्राहक स्वतःच बदलू शकत असे. जानेवारी 2005 मध्ये अॅपलने 22 ग्रॅम वजनाचा आयपॉड शफल आणला. 2006 च्या आवृत्तीत त्याला मागच्या बाजूस चिमटा बसवण्यात आला आणि वजन सुमारे 15 ग्रॅमवर आले. कपड्याला अडकवायचा आणि विसरून जायचा, असे हे यंत्र होते. पडदा नसल्यामुळे पाहण्यासारखे काही नव्हते आणि बटणे न पाहता बोटांनी चाचपून दाबता येत होती.

व्यायामाच्या यंत्रात बटणांचे मोल किती, हे 2009 मध्ये स्पष्ट झाले. त्या वर्षीच्या शफलवरून अॅपलने गाणे बदलण्याची व आवाज कमी-जास्त करण्याची सर्व बटणे काढून टाकली आणि ती इयरफोनच्या तारेवर बसवली. त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा साधा इयरफोन लावला तर यंत्रावर ताबाच राहत नसे. तार हा कोणत्याही इयरफोनचा सर्वांत दुबळा भाग. घाम तिच्यावरून ओघळतो, ती कपड्यात अडकते, हिसके बसतात. त्या तारेवरच सगळा कारभार सोपवण्याचा हा निर्णय ग्राहकांना रुचला नाही. सप्टेंबर 2010 मध्ये आलेल्या पुढील आवृत्तीत बटणे यंत्रावर परत आली.

बंद आवरणातील बॅटरीने वेगळे प्रश्न निर्माण केले. सप्टेंबर 2005 ते डिसेंबर 2006 या काळात विकल्या गेलेल्या पहिल्या पिढीच्या आयपॉड नॅनोची बॅटरी क्वचित प्रसंगी तापून धोका निर्माण करू शकते, असे सांगून अॅपलने नोव्हेंबर 2011 मध्ये ते यंत्र विनामूल्य बदलून देण्याची जागतिक योजना जाहीर केली. पाच-सहा वर्षे वापरलेली वस्तू कंपनीने स्वतःहून बदलून दिल्याची अशी उदाहरणे विरळाच. शफल आणि नॅनोची विक्री जुलै 2017 मध्ये थांबवण्यात आली आणि मे 2022 मध्ये आयपॉडची संपूर्ण मालिकाच बंद झाल्याचे जाहीर झाले.

घाम म्हणजे नुसते पाणी नव्हे

व्यायामासाठीच्या इयरफोनच्या खोक्यावर ‘आयपीएक्स-4’ किंवा ‘आयपीएक्स-7’ अशी अक्षरे असतात. ही श्रेणी आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाच्या 60529 या मानकानुसार ठरते आणि भारतीय मानक ब्यूरोनेही हे मानक स्वीकारलेले आहे. त्यातील पहिला अंक धुळीविषयी असतो. त्या जागी ‘एक्स’ असेल तर धुळीची पातळी नमूद केलेली नाही, असे समजावे. दुसरा अंक पाण्याविषयीचा. 4 म्हणजे सर्व बाजूंनी उडालेल्या शिंतोड्यांपासून संरक्षण. 7 म्हणजे एक मीटर खोल पाण्यात 30 मिनिटे ठेवल्यावरही हानी न होणे. मोठा अंक म्हणजे सर्व बाबतीत श्रेष्ठ, असे मात्र नाही. पाण्यात बुडवून तपासलेले यंत्र नळाच्या जोरदार धारेखाली टिकेलच असे 7 हा अंक सांगत नाही. ती चाचणी वेगळी असते.

ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, ही चाचणी स्वच्छ, गोड्या पाण्याने आणि नव्या कोऱ्या यंत्रावर केली जाते. घामात मीठ असते. मिठाचे पाणी वीज अधिक चांगली वाहून नेते आणि धातूला लवकर गंजवते. घाम वाळल्यावर मीठ मागे उरते, हवेतील ओल ओढून घेते आणि गंजण्याची क्रिया यंत्र पेटीत ठेवल्यानंतरही चालू राहते. ओलसर इयरफोन तसेच चार्जिंगला लावले तर वीजप्रवाहामुळे टोकांवरील धातूची झीज आणखी वेगाने होते. जॅकवर दिसणारा हिरवट थर, एकच कान वाजणे, आपोआप आवाज वाढणे किंवा गाणे बदलणे, ही बहुधा याच प्रक्रियेची लक्षणे असतात. व्यायामानंतर कोरड्या फडक्याने पुसून, पूर्ण वाळल्यावरच चार्जिंगला लावणे हा साधा उपाय बराच उपयोगी पडतो. एका कानाचा आवाज मंदावला तर प्रथम जाळी तपासावी. कानातील मळ आणि वाळलेला घाम यांनी ती बुजलेली असते आणि यंत्रात बिघाड नसतानाही ग्राहक नवे खरेदी करून मोकळा होतो.

हवामानाचाही यात वाटा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरील बंगळुरूत पहाटेचा गारवा यंत्रांना मानवतो. मुंबईत दमट हवेमुळे घाम लवकर वाळत नाही, म्हणून मरीन ड्राइव्हवर धावणाऱ्याचे इयरफोन अधिक वेळ ओले राहतात. बंगळुरूतील मित्राच्या शिफारशीवरून खरेदी करणाऱ्या मुंबईकराने किंवा गोवेकराने हा फरक ध्यानात घेतलेला बरा.

हमी नाकारण्याचा प्रश्न इथूनच उद्भवतो. ‘स्पोर्ट्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक उत्पादनांच्या हमीपत्रात द्रवामुळे होणारी हानी वगळलेली असते. जाहिरातीत धावपटूच्या कपाळावरून घाम निथळत असतो आणि हमीपत्राच्या बारीक अक्षरांत ओल हा ग्राहकाचा दोष ठरतो. अनेक यंत्रांत पाणी लागताच रंग बदलणारी एक छोटी पट्टी असते. ती लाल झालेली दिसली की दुरुस्ती केंद्रातील संभाषण तेथेच संपते.

या पट्टीवर कितपत विसंबावे, हा वाद अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला. जुन्या आयफोन आणि आयपॉड टचमधील पट्टीचा रंग बदलल्याच्या आधारे हमी नाकारल्याबद्दल अॅपलविरुद्ध सामूहिक दावा करण्यात आला. यंत्र पाण्यात न पडताही हवेतील आर्द्रतेने पट्टीचा रंग बदलू शकतो, असा तक्रारदारांचा युक्तिवाद होता. 2013 मध्ये कंपनीने चूक मान्य न करता 5 कोटी 30 लाख डॉलर देऊन हे प्रकरण मिटवले.

भारतातील ग्राहकांसाठी 1986 च्या कायद्याच्या जागी आलेला ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा जुलै 2020 पासून लागू झाला. त्यानुसार तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. बंगळुरूच्या ग्राहकाने ऑनलाइन मागवलेल्या वस्तूसाठी विक्रेत्याच्या गावी खेटे घालण्याचे कारण राहिलेले नाही. मोबदल्यापोटी दिलेली रक्कम 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीस शुल्क लागत नाही. तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागू शकतो. दोन हजारांच्या इयरफोनसाठी इतका खटाटोप करण्यास फारसे कोणी तयार होत नाहीत, हे उघड आहे. त्यामुळे 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवणे अनेकांना सोयीचे वाटते. जाहिरातीचे छायाचित्र, खोक्यावरील श्रेणी आणि पावती जपून ठेवल्यास बाजू भक्कम होते, कारण ‘घामात चालेल’ असे सांगून विकणे आणि घामामुळे हमी नाकारणे या दोन गोष्टी एकमेकींसमोर ठेवता येतात. दिशाभूल करणारी जाहिरात हाही या कायद्याखाली दखलपात्र विषय आहे. परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या यंत्राची हमी भारतात लागू आहे काय, हे मात्र खरेदीपूर्वीच पाहावे.

रस्ता, शर्यत आणि कान

उद्यानात धावणे आणि वाहनांच्या शेजारून धावणे यांत फरक आहे. रस्त्यावरील गोंगाट झाकण्यासाठी आवाज नकळत वाढवला जातो. मोठ्यांनी आठवड्याला 80 डेसिबलचे ध्वनी 40 तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. 90 डेसिबलला ही मर्यादा आठवड्याला केवळ चार तासांची होते. रोज तासभर मोठ्या आवाजात गाणी ऐकणारा धावपटू चौथ्या-पाचव्या दिवशीच ती ओलांडतो. ऐकण्याची शक्ती गेली तर ती परत येत नाही, आणि पाठीमागून येणारी बस न ऐकू येण्याचा धोका वेगळाच. कानाची वाट मोकळी ठेवून हाडांतून ध्वनी पोहोचवणारे इयरफोन याच कारणाने रस्त्यावर धावणाऱ्यांत पसंत केले जातात.

स्पर्धांचे नियमही लक्षात घ्यावे लागतात. बंगळुरूत 2008 पासून 10 किलोमीटरची आंतरराष्ट्रीय शर्यत होते. जागतिक अॅथलेटिक्स संघटनेच्या नियमांनुसार अशी साधने वापरणे ही स्पर्धकाला मिळणारी बाहेरची मदत समजली जाते. सर्वसामान्य धावपटूंबाबत आयोजक वेगळा निर्णय घेऊ शकतात. अमेरिकेतील संघटनेने घातलेली सरसकट बंदी 2008 च्या अखेरीस शिथिल करून ती मुख्यतः विजेतेपद व बक्षिसांच्या दावेदारांपुरती ठेवण्यात आली. पुढच्याच वर्षी मिल्वॉकी शहरातील मॅरेथॉनमध्ये आघाडीवर असलेल्या एका महिला स्पर्धकाला आयपॉड वापरल्याबद्दल बाद ठरवण्यात आले.

स्वतंत्र प्लेयर आता का घ्यावा?

मोबाइल सर्वांकडे असताना वेगळे यंत्र कशाला, हा प्रश्न स्वाभाविक आहे. पोहणाऱ्यांसाठी उत्तर सोपे आहे. ब्ल्यूटूथच्या लहरी पाण्यात जवळपास लगेच शोषल्या जातात, म्हणून गाणी इयरफोनमध्येच साठवलेली असावी लागतात. मानवी शरीरही या लहरी अडवते. घरात त्या भिंतींवरून परावर्तित होऊन कानापर्यंत पोहोचतात. मोकळ्या मैदानात ती सोय नसते. घरात उत्तम चालणारे इयरफोन उद्यानात अडखळतात, तेव्हा मोबाइल दुसऱ्या बाजूच्या खिशात किंवा दंडावर ठेवून पाहावा.

अशा प्लेयरमध्ये भरायला गाणी कोठून आणायची, हा त्यापुढचा प्रश्न. मासिक शुल्काच्या सेवांवरून उतरवलेली गाणी त्या सेवेच्या अॅपपुरतीच बांधलेली असतात. ती उचलून दुसऱ्या यंत्रात घालता येत नाहीत. बंगळुरूच्याच फ्लिपकार्टने फेब्रुवारी 2012 मध्ये ‘फ्लाइट’ नावाचे गाण्यांचे दुकान ऑनलाइन सुरू केले होते. तेथे कुलूप नसलेल्या एमपी-थ्री फाइल विकत मिळत. जून 2013 मध्ये ते बंद झाले. तेथून तेव्हा घेतलेली गाणी ज्यांनी संगणकावर जपून ठेवली, त्यांच्यासाठी ती आजही कोणत्याही साध्या प्लेयरवर वाजतात.