वीतभर लवचीकपणा

गॅरेजच्या रॅम्पवर मोटार चढली की तिच्या पोटाखालून मागपर्यंत गेलेला लांब पाइप दिसतो. बोलताना त्या सगळ्यालाच सायलेन्सर म्हणतात. खरं तर त्यात इंजिनाला बोल्टने आवळलेला मॅनिफोल्ड असतो, विषारी वायूंचा बंदोबस्त करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि आवाज जिरवणारे डबे असतात. या कडक मंडळींच्या रांगेत, इंजिनाच्या जवळपास, तारेच्या जाळीत गुंडाळलेला वीतभर तुकडा असतो. कुणी मेकॅनिक त्याला ‘फ्लेक्सिबल’ म्हणतो, कुणी ‘बेलो’, कुणी नुसतीच ‘जाळी’.

त्याची गरज का पडली, हे इंजिन कुठे तोंड करून बसलंय यावर ठरतं. अँबॅसडर किंवा कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी या गाड्यांचं इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं होतं. असं इंजिन जोर लावताना कुशीकडे झुकतं. इंजिनाच्याच रेषेत मागे जाणाऱ्या पाइपला थोडा पीळ बसतो, एवढंच. 1959 साली ब्रिटनमध्ये अलेक इसिगोनिस यांनी ‘मिनी’ रचली. जेमतेम दहा फूट लांबीच्या गाडीत चार माणसं बसवायची म्हणून त्यांनी इंजिन आडवं टाकलं आणि त्याने पुढची चाकं फिरवली. आडव्या इंजिनाच्या गाड्या त्याआधीही निघाल्या होत्या, पण ही मांडणी घरोघरी नेली ती मिनीने. भारतात डिसेंबर 1983मध्ये मारुती 800 आली, तीही याच घडणीची: तीन सिलिंडर, 796 सीसी, आडवं इंजिन. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्या याच वंशातल्या.

आडवं इंजिन ॲक्सिलरेटर दाबला की मागे कलतं, पाय काढला की पुढे येतं. पाइप मात्र मागेच जायचा असतो. तो सलग कडक असता, तर इंजिन अवघं एक अंश कलल्यावर अडीच मीटरवरचं त्याचं टोक चार सेंटिमीटरांहून जास्त हललं असतं. रबरी हँगर त्याला तसं हलू देत नाहीत. मग सगळा ताण मॅनिफोल्डच्या जोडावर येतो आणि कधी ना कधी तिथे तडा जातो. शिवाय उभ्या गाडीतही इंजिन स्वस्थ नसतंच. 800 आरपीएमवर चालणाऱ्या तीन सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला 20 स्फोट होतात. ती थरथर पाइपातून पत्र्यात आणि पत्र्यातून सीटपर्यंत पोचते. त्यात उष्णतेची भर: दोन मीटर पोलादी पाइप 500 अंशांनी तापला की सेंटिमीटरभराहून जास्त लांबतो. कलणं, थरथरणं आणि लांबणं, तिन्ही एकाच ठिकाणी झेलायचं काम या तुकड्याकडे आहे.

वरची जाळी कापली तर आत सुरेख कारागिरी सापडते. मधला मुख्य भाग म्हणजे पातळ स्टेनलेस पत्र्याची, वळ्यावळ्यांची नळी. पत्रा पुष्कळदा दुपदरी असतो, आणि त्यामागे साधं गणित आहे. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून एका पत्र्याऐवजी निम्म्या जाडीचे दोन पदर घेतले की तो विरोध पाव होतो. गॅसचा दाब झेलण्याची ताकद मात्र जवळपास तेवढीच राहते. पोलादही साधं चालत नाही. स्टेनलेस बराच वेळ तापत राहिलं की त्यातलं क्रोमियम कार्बनशी जुळून कणांच्या सीमेवर साचतं आणि तिथे गंजाला वाट मिळते. टायटॅनियम मिसळलेलं 321 जातीचं पोलाद हे टाळतं. बाहेरची जाळी नळीला वाजवीपेक्षा ताणू देत नाही आणि उडणारे खडेही अंगावर घेते.

सर्वांत आत, चांगल्या प्रतीच्या तुकड्यात, पट्ट्या एकमेकींत अडकवून गुंडाळलेलं अस्तर असतं. गरम वायूचा झोत थेट वळ्यांवर आदळू नये, शिट्टीसारखा आवाज येऊ नये, म्हणून ते घालतात. त्याचं मूळ मोटारीत नाही, दागिन्यांत आहे! जर्मनीतलं फोर्झहाइम हे सराफांचं गाव. तिथले दागिने बनवणारे हाइनरिश विट्झेनमान यांनी फ्रान्सच्या युजेन लव्हावासर यांच्यासह 1885मध्ये लवचीक धातूची नळी शोधली. नमुना होता ‘हंसकंठ’ नावाच्या गळ्यातल्या दागिन्याचा. त्यात धातूची वेटोळी अशीच एकमेकींत अडकवलेली असत. विट्झेनमान यांची कंपनी आजही फोर्झहाइममध्ये आहे आणि मोटारींसाठी हे तुकडे बनवते. सगळेच कारखानदार मात्र जाळीवाले नाहीत. अनेक जपानी गाड्यांत गोलाकार जोड आणि स्प्रिंगचे बोल्ट हेच काम करतात.

पूर्वी सायलेन्सर फुटला तर आवाज वाढायचा, एवढाच त्रास होता. 1995च्या एप्रिलपासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. पुढे ऑक्सिजन सेन्सर आले. आता सेन्सरच्या अलीकडे या नळीला बारीक तडा गेला, तरी स्फोटांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, कॉम्प्युटर समजतो पेट्रोल कमी पडतंय, आणि जास्त सोडतो. मायलेज घसरतं, कन्व्हर्टर तापतो. मालक इंजेक्टर साफ करून घेतो, प्लग बदलतो, पंपावरच्या पेट्रोलला शिव्या देतो. शिवाय गळणाऱ्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरला तरी कळत नाही, कारण त्याला वास नसतो.

नवी जाळी काही महिन्यांत पुन्हा फाटली, तर दोष बहुधा जाळीचा नसतो. इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे ज्या रबरांवर ते बसलेलं असतं ती रबरं बसली, की इंजिन हवं तेवढं डोलतं आणि तो डोल ही नळी खाते. स्पीडब्रेकरवर घासणं हे दुसरं कारण. छोट्या फेऱ्या हे तिसरं: लिटरभर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, आणि पाइप पुरता तापला नाही तर ते वळ्यांत साचून राहतं. सिग्नलला इंजिन बंद होणाऱ्या गाड्या आणि हायब्रिड यांनी नवी भर घातली आहे. दर वेळी सुरू-बंद होताना इंजिन गदगदतं, तो हिसकाही इथेच बसतो.

जाळी काढून तिथे सरळ पाइप जोडून देणं हा गल्लोगल्ली मिळणारा स्वस्त उपाय. पैसे वाचतात ते मॅनिफोल्ड तडकेपर्यंत. नवा तुकडा बसवायचा तर जुन्याच्याच लांबीचा आणि व्यासाचा घ्यावा. वाकणं ही नळी बऱ्यापैकी सोसते, पीळ मात्र सोसत नाही, म्हणून दोन्ही बाजूंचे पाइप एका रेषेत आणूनच टाके मारायचे. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायची आणि जाळीवर ओलं फडकं गुंडाळायचं, कारण आतल्या पातळ पत्र्याला भोक पाडायला एक ठिणगी पुरते.