सहीची जबाबदारी
सप्टेंबर १९६० मध्ये थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाचा अर्ज अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात नुकत्याच रुजू झालेल्या डॉ. फ्रान्सिस केल्सी यांच्याकडे आला. ६० दिवसांत हरकत न घेतल्यास औषधाला आपोआप परवानगी मिळे. म्हणून मुदत भरत आली की त्या पुरावा अपुरा असल्याचे कळवीत. अर्ज करणाऱ्या कंपनीने त्यांच्या वरिष्ठांकडे तक्रारी केल्या. पण केल्सी बधल्या नाहीत. औषधाने नसांना इजा होते, हे ब्रिटनमधून कळताच त्यांनी गर्भाच्या सुरक्षिततेचा पुरावा मागितला. खरा धोका तिथेच होता. नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीत औषध मागे घेतले गेले; तोवर जगभर हजारो मुले अविकसित हातापायांनिशी जन्मली होती. या अनुभवानंतर १९६२ मध्ये अमेरिकेने औषध कायदा कडक केला.