‘कोण कोण आले?’ इंग्रजीत कसे विचाराल?

समुद्रपूरला घरी कार्य निघाले की चौकशी होते, ‘वर्ध्याहून कोण कोण आले?’ मूल इंग्रजी करते, ‘हू हॅव कम?’ ‘आले’ अनेकवचनी ना! पण इंग्रजीत ‘हू’ स्वतः कर्ता असला की क्रियापद सहसा एकवचनी घेतात: ‘हू हॅज कम?’ मग पाहुणे दहा का असेनात. आपणही दारात चौघे असले तरी ‘कोण आहे?’ असेच विचारतो.

‘ते कोण आहेत?’ याचे मात्र ‘हू आर दे?’ इथे कर्ता ‘दे’. क्रियापद त्याच्या मागे जाते. ‘हाऊ मेनी गर्ल्स’ म्हटले की ‘आर’ येणारच.

मराठी शाळांत 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आले. त्याआधी ते पाचवीपासून होते. तेव्हा शिकलेल्या कितीतरी माता आज नातवंडांच्या वहीपुढे बिचकतात. भगिनींनो, फाडफाड इंग्रजी यायला नको. मुलाला एवढेच विचारा, ‘प्रश्नात ‘हू’शिवाय दुसरा कर्ता आहे का?’ असेल तर क्रियापद त्याच्याप्रमाणे. नसेल तर ‘इज’, ‘हॅज’. भाकरी थापता थापताही हे विचारता येते.